स्वतःची मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या बाईचे इतके नवल कशासाठी?

मोकळा_रस्ता:
जुनी_किक यांनी परवा एक अनुभव लिहिला. रस्त्याच्या कडेला एक तरुणी मोटारसायकलची चेन ताणत होती. ते थांबले, "अरे वा, तुम्हाला हे जमते?" असे म्हणाले, आणि तिने वर न पाहताच "हो" म्हटले. हल्लीच्या मुलींना साधे कौतुकही स्वीकारता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला आणि बहुतेकांनी त्यावर माना डोलावल्या. मला तो निष्कर्ष मुळीच पटलेला नाही.

ती तरुणी त्या क्षणी काय करत असेल, याचा विचार कोणी केला का? चेन ताणताना मागच्या आसाचा नट सैल केलेला असतो. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर, म्हणजे चाक मागेपुढे सरकवणारे स्क्रू, सारखेच फिरवावे लागतात, नाहीतर चाक तिरके बसते. मग चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर ती किती खालीवर होते ते मोजायचे. अनेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. झिजलेली चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसल्यामुळे चाक फिरवत फिरवत हे अनेक ठिकाणी पाहावे लागते. हे डोक्यात धरून बसलेल्या माणसाला मध्येच "तुम्हाला हे जमते?" असे विचारले, तर तो वर पाहणार नाही, आणि त्याने पाहूही नये. पुरुष असता तर हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसता, एवढेच माझे म्हणणे आहे. हे नवल आम्हाला दर वेळी सांगते की तुम्ही इथल्या नाही.

जुनी_किक:
माझ्या साध्या चांगुलपणाला तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. जे क्वचित दिसते त्याचे नवल वाटते, यात कसला अपमान? आमच्या पिढीत गाडीवर मागे बसणाऱ्या बायकाच जास्त दिसत, पाना हातात घेतलेली बाई मी तोवर पाहिलीच नव्हती. शिवाय मी थांबलो होतो, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपाशी दुसऱ्या चालकाने थांबायचे, हा दुचाकीस्वारांचा जुना रिवाज आहे. थांबणाऱ्यांना असेच फटकारत राहिलात तर उद्या कोणी थांबणार नाही, आणि त्याचा त्रास बायकांनाच अधिक होईल.

पान्याचा_आवाज:
थांबण्याला कोणाचाच विरोध नाही. "काही हवे आहे का?" असे विचारा, पुरुषाला जसे विचारता तसेच.

मी दुरुस्ती का शिकले ते सांगते. एका गॅरेजमधून मागचे चाक दुरुस्त होऊन गाडी घरी आली, तेव्हा आसाच्या नटातली पिन बसवलेलीच नव्हती. पुसताना माझे लक्ष गेले म्हणून कळले, नाहीतर तो नट हळूहळू सैल होत गेला असता. गाडी परत घेऊन गेले तेव्हा धाकटा भाऊ सोबत होता. त्याला गाडी चालवताही येत नाही. तरी मेकॅनिक सगळा खुलासा त्यालाच देत राहिला. मी प्रश्न विचारायची आणि उत्तर त्याच्याकडे बघून यायचे. त्यानंतर मी पाने, नट ठरावीक जोरानेच आवळता येईल असा टॉर्क रेंच आणि गाडीची सर्व्हिस पुस्तिका घेतली. कौतुक नको, पण मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मलाच मिळावे, एवढी अपेक्षा अवाजवी आहे का?

नट_बोल्ट:
मी वर्षानुवर्षे गॅरेज चालवतो, म्हणून जरा वेगळा मुद्दा मांडतो. बाई की पुरुष हा वाद मला गौण वाटतो; घरी दुरुस्ती करणे हाच खरा धोका आहे. इंजिनाचे सिलिंडर हेड, म्हणजे वरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असते आणि स्पार्क प्लग पोलादाचा. लोक प्लग पहिल्या फेऱ्यापासूनच पान्याने आवळतात, तो तिरका शिरतो आणि हेडचे आटे जातात. इंजिन ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचेही तेच: जुना वॉशर तसाच ठेवून, गळती थांबेना म्हणून आणखी आवळायचे, आणि मग आटे गेले की आमच्याकडे यायचे. ब्रेकचे तर विचारूच नका. व्हिडिओ पाहून ब्रेकला हात लावणाऱ्यांना माझा सक्त विरोध आहे.

मोकळा_रस्ता:
प्लग आधी हातानेच फिरवून बसवायचा, हे पुस्तिकेत पहिल्याच ओळीत असते, आणि ते वाचणारा कोणीही शिकू शकतो. तुमची तक्रार निष्काळजीपणाबद्दल आहे. ती या धाग्यावर, बायकांच्या दुरुस्तीची चर्चा चालू असतानाच का आठवली, याचा मात्र आपण जरूर विचार करावा.

पान्याचा_आवाज:
ब्रेकचा विषय काढलाच आहे तर बोलू या. डॉट 4 या दर्जाचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्या दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरल्यावर ती मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक लावला तर असे जुने ऑइल उकळून वाफ होते आणि लिव्हर मऊ पडते. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. मी आजवर ज्या गॅरेजांत गेले, त्यांतल्या एकानेही मला हे आपणहून सांगितले नाही. झाकण उघडून वरून भर घातली आणि बिल दिले. आता ते मी स्वतः बदलते, तेही नुकत्याच फोडलेल्या डब्यातले. सिलिकॉनचे डॉट 5 यात मिसळायचे नाही, हेही मला पुस्तिकेतूनच कळले. मग धोका कोणाकडून जास्त आहे, सांगा.

नट_बोल्ट:
सगळ्या मेकॅनिकांना एकाच मापाने मोजू नका! दिवसभर वाकून कंबर मोडेपर्यंत काम करणाऱ्यांना असे बेजबाबदार ठरवणे मला सहन होणार नाही. माझ्याकडे प्रत्येक गाडीच्या ऑइलची तारीख लिहिलेली असते. तुम्हाला चार वाईट माणसे भेटली म्हणून सारा धंदा वाईट होत नाही.

पान्याचा_आवाज:
सारा धंदा वाईट आहे असे मी कुठे लिहिले आहे? तुम्ही घरी दुरुस्ती करणाऱ्या सगळ्यांना मात्र एकाच ओळीत धोकादायक ठरवलेत. तारीख लिहून ठेवता हे उत्तम आहे; ती गिऱ्हाइकाला सांगता का?

स्पष्ट_मत:
ब्रेक ऑइलवरच धागा चालला आहे, म्हणून मूळ मुद्द्याकडे वळतो. सगळेच टाळतात ते मी लिहितो. या कामाला अंगात ताकद लागते आणि ती निसर्गानेच कमी-अधिक दिली आहे. नवल त्याचे वाटते.

लांब_पल्ला:
मागच्या आसाच्या नटाला 100 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) लागत असतील, तर 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी सुमारे 40 किलोचा जोर द्यावा लागतो. पाना अर्ध्या मीटरचा घ्या, तोच जोर 20 किलोवर येतो. तरफ कोणाच्या हातात आहे हे पाहून ती काम करत नाही.

आणि हे नवे तरी कुठे आहे? टेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन या दोन ब्रिटिश मोटारसायकलस्वार डिसेंबर 1934 मध्ये साइडकार आणि ट्रेलर जोडलेल्या 600 सीसीच्या पँथर मोटारसायकलवर लंडनहून निघाल्या, सहारा ओलांडून जुलै 1935 मध्ये केपटाउनला पोहोचल्या आणि वाटेत गाडीची दुरुस्ती त्यांनी केली. ब्रिटिश अभियंता बीट्रिस शिलिंग यांनी 1934 मध्येच इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर आपल्या नॉर्टन मोटारसायकलने ताशी 100 मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. पुढे दुसऱ्या महायुद्धात मर्लिन नावाच्या इंजिनाच्या ब्रिटिश लढाऊ विमानांनी एकदम खाली झेप घेतली की कार्ब्युरेटरमुळे इंजिन अडखळत असे. त्यावर एका लहानशा छिद्राच्या चकतीचा उपाय याच शिलिंगबाईंनी काढला. नव्वद वर्षांनंतरही चेन ताणणाऱ्या मुलीचे नवल वाटावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुनी_किक:
अपवादात्मक नावे सांगून सामान्य अनुभव खोटा ठरत नाही. तरीही तरफेचा हिशेब मान्य आहे, ताकदीचा मुद्दा मी मांडलेलाही नव्हता. पुढच्या वेळी थांबेन तेव्हा "काही हवे आहे का?" इतकेच विचारीन. मात्र तिने एकदा वर पाहायला हरकत नव्हती, हे माझे मत कायम आहे.

मोकळा_रस्ता:
नट सैल असताना तिने चेनकडेच पाहिले, हे मला योग्य वाटते. प्रश्न बदलणार असाल तर माझा तुमच्याशी वाद उरलेला नाही.

नट_बोल्ट:
तारखेबद्दल विचारले होते. गिऱ्हाइकाने विचारले तर सांगतो. उद्यापासून बिलावर लिहीन. आणि घरी ब्रेक पॅड बदलणाऱ्या सर्वांसाठी, बाई असो वा पुरुष, एक विनंती आहे: नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर रिकामी जाते. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी ती कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा.