मोठ्या विक्री साखळ्यांची शाश्वततेची उद्दिष्टे आणि त्यांना माल देणारे ब्रँड

फेनिल (प्रश्न)

द्रवरूप साबण आणि डिटर्जंट बनवणारा आमचा लहानसा ब्रँड आहे. ज्या मोठ्या विक्री साखळीला आम्ही माल देतो, तिने या वेळी पुढील वर्षाच्या कराराच्या कागदांसोबत एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. रिकाम्या बाटलीचे वजन, तिच्यातील पुनर्चक्रित प्लास्टिकचे प्रमाण आणि कारखान्याचा वीजवापर इथपर्यंत समजण्यासारखे आहे. पण आम्हाला कच्चा माल पुरवणाऱ्यांचे कार्बन उत्सर्जन किती, हाही रकाना त्यात आहे. नेहमीच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारले, तर "ते दुसऱ्या विभागाचे आहे, भरून टाका" एवढेच उत्तर मिळाले, आणि त्याच फोनवर त्यांनी दर उतरवण्याचीही मागणी केली. साखळीने स्वतःसाठी जाहीर केलेल्या उद्दिष्टाचा भार आमच्यावर का यावा, आणि अशा उद्दिष्टांमुळे दुकानात कोणाचा माल राहतो यात खरोखर काही फरक पडतो का, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्सर्जन मोजण्याच्या पद्धतीतच आहे. स्वतः जाळलेले इंधन 'स्कोप १'मध्ये, विकत घेतलेली वीज 'स्कोप २'मध्ये आणि खरेदी केलेल्या मालापासून विकलेल्या मालाच्या वापरापर्यंतचे बाकी सारे 'स्कोप ३'मध्ये धरले जाते. या तिसऱ्या गटासाठी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलचे, म्हणजे उत्सर्जन मोजण्याच्या सर्वमान्य नियमावलीचे, स्वतंत्र मानक २०११ मध्ये आले. विक्रेत्याच्या बाबतीत दिवे, शीतकपाटे आणि मालमोटारी यांचा वाटा एकूण उत्सर्जनात लहान असतो, कारण तो जे विकतो ते बहुतेक दुसऱ्याने बनवलेले असते. त्यामुळे त्याने मोठे उद्दिष्ट जाहीर केले की ते पूर्ण करण्याचे काम पुरवठादारांकडे जाणार, हे ओघानेच आले.

वॉलमार्ट या अमेरिकेतील मोठ्या विक्री साखळीने २०१७ मध्ये 'प्रोजेक्ट गिगाटन' सुरू केला तो याच हिशेबाने: २०३० पर्यंत पुरवठा साखळीतील १ अब्ज टन उत्सर्जन टाळायचे. हे उद्दिष्ट ६ वर्षे आधीच गाठल्याचे कंपनीने २०२४ च्या प्रारंभी जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र स्वतःच्या कामकाजातील उत्सर्जनकपातीची २०२५ आणि २०३० ची उद्दिष्टे बहुधा चुकतील, असेही तिने सांगितले. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. पण पुरवठादारांनी स्वतः कळवलेले 'टाळलेले' टन आणि प्रत्यक्षात घटलेले एकूण उत्सर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या प्रकारची बेरीज दुसऱ्यापेक्षा पुष्कळ सोपी असते.

काउंटरपलीकडे

मी अनेक वर्षे खरेदी विभागात काम केले आहे, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. प्रश्नावली पाठवणारा विभाग आणि मागणीपत्र काढणारा विभाग यांची कामगिरी वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवर तपासली जाते. खरेदी अधिकाऱ्याचे वर्षाचे मूल्यमापन नफ्याच्या टक्केवारीवर आणि माल वेळेवर येण्यावर ठरते. प्रश्नावलीतील गुण त्याच्या समोरच्या तक्त्यात नसतील, तर चांगल्या गुणांनी आपला माल टिकत नाही आणि वाईट गुणांनी जातही नाही. मात्र उद्दिष्ट थेट खरेदीची अट बनून आले की सगळे पटकन बदलते.

आपल्याच व्यवसायातले उदाहरण घ्या. द्रवरूप डिटर्जंट घट्ट करून लहान बाटलीत भरले, तर पाणी, प्लास्टिक, खोकी आणि वाहतूक असे सगळेच वाचते, हे उत्पादकांना आधीपासून ठाऊक होते. अडचण अशी की शेजारी मोठी बाटली उभी असताना लहान बाटलीत माल कमी आहे असेच ग्राहकाला वाटते, त्यामुळे एकट्याने पुढे जाणारा ब्रँड तोट्यात जाण्याची भीती असे. वॉलमार्टने २००७ मध्ये अमेरिकेतील आपल्या दुकानांत फक्त घट्ट द्रवरूप डिटर्जंटच ठेवण्याचे जाहीर केले आणि मे २००८ पर्यंत ते अमलात आणले. सर्वांच्याच बाटल्या एकदम लहान झाल्याने ती भीती उरली नाही. हे एखाद्या ब्रँडच्या सदिच्छेने झाले नसते. त्यासाठी विक्रेत्याचा धाकच हवा होता, आणि माझ्या मते अशा धोरणांचा खरा उपयोग तिथेच आहे. ब्रिटनमधील टेस्को या विक्री साखळीनेही अवाजवी वेष्टन असलेला माल न ठेवण्याचा अधिकार आपण राखून ठेवत असल्याचे २०१९ मध्ये ब्रँडना कळवले होते.

सुटा माल

वरील उदाहरण खरे आहे, पण ते सोयीचेही आहे; कारण त्यात विक्रेत्याचाही सरळ फायदा होता, त्याच जागेत जास्त बाटल्या मावत होत्या. जिथे विक्रेत्याचा फायदा नसतो तिथे काय होते, तेही पाहिले पाहिजे.

काळ्या बाटलीचेच घ्या. काजळीच्या रंगद्रव्याने काळे केलेले प्लास्टिक वर्गीकरण केंद्रातील अवरक्त किरणांच्या यंत्राला ओळखू येत नाही आणि ते थेट कचऱ्यात जाते. बाटलीभर आवळून बसवलेल्या छापील वेष्टनामुळेही यंत्र फसते, आणि पंपात प्लास्टिकच्या निरनिराळ्या प्रकारांसोबत बहुधा धातूची स्प्रिंगही असते. पारदर्शक बाटली, लहान लेबल आणि साधे झाकण वापरा, ही साखळीची सूचना म्हणूनच योग्य असते. पण साचे बदलण्याचा खर्च ब्रँडच्या माथी येतो. मोठी कंपनी तो लाखो बाटल्यांवर पसरते, लहान ब्रँडला तो जड जातो. त्यातच साखळीचा स्वतःच्या नावाचा साबण शेजारी असेल, तर आपण भरून दिलेली रचनेची आणि कच्च्या मालाची माहिती कोणाच्या टेबलावर जाते, हे विचारून घ्यावे.

शिवाय अंघोळीचा साबण किंवा शांपू यांच्या आयुष्यातील उत्सर्जनाचा मोठा हिस्सा ग्राहक तापवतो त्या पाण्यात असतो. प्रश्नावली मात्र बाटलीचे ग्रॅम मोजत बसते, कारण ग्रॅम मोजता येतात.

काउंटरपलीकडे

खर्चाचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच फेनिल यांनी प्रश्नावली भरताना मोबदल्यात काय मिळणार, हे लेखी विचारावे: कराराची मुदत वाढेल का, नवे साचे तयार होईपर्यंत जुना साठा विकू देणार का, बिलाचे पैसे लवकर मिळतील का. शेवटची मागणी अवाजवी नाही. वॉलमार्ट आणि एचएसबीसी बँकेने २०१९ मध्ये अशी योजना आणली, जिच्यात शाश्वततेची कामगिरी चांगली असलेल्या पुरवठादाराला बिलांवर स्वस्त दराने आगाऊ पैसे मिळतात.

फेनिल

सर्वांचे आभार. बाटली आणि विजेचे रकाने प्रत्यक्ष मोजमाप करून भरतो आणि कच्च्या मालाच्या आकड्यासाठी लेखी मुदत मागतो. एक शंका उरते: आणखी दोन साखळ्यांशी आमची बोलणी चालू आहेत आणि दोघींच्या प्रश्नावलीचे नमुने वेगळे आहेत. एकच माहिती तीन प्रकारे भरण्याला काही पर्याय आहे का?

हिशेबनीस

काही अंशी आहे. कंपन्यांकडून पर्यावरणाची माहिती घेऊन त्यांना गुण देणाऱ्या सीडीपी किंवा इकोव्हाडिस यांसारख्या संस्थांकडे माहिती एकदा भरली की तोच निकाल अनेक खरेदीदारांना दाखवता येतो. मात्र इकोव्हाडिसचे शुल्क सहसा पुरवठादारालाच भरावे लागते, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तिन्ही साखळ्यांकडून तो निकाल चालेल असे लेखी घ्या. कच्च्या मालाच्या रकान्यात तूर्त प्रमाणित सरासरी गुणकांवरून (एक किलो मालामागे सरासरी किती उत्सर्जन, या आकड्यांवरून) काढलेला अंदाज द्या आणि तो अंदाज आहे, असे तिथेच स्पष्ट लिहा. एकदा मोजलेला म्हणून दिलेला आकडा पुढच्या वर्षी मागे घेणे फार जड जाते.