आकाशगंगेच्या मधला तो जादाचा गॅमा उजेड पल्सारांचाच आहे, डार्क मॅटर विसरा

रात्रपाळी:
पटलं नाही तर हाणा. २००९ मध्ये गुडइनफ आणि हूपर या दोघा शास्त्रज्ञांनी फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीचा डेटा चाळून सांगितलं की आकाशगंगेच्या मध्यातून हिशोबापेक्षा जास्त गॅमा किरण येतायत, दोन-तीन जीईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) च्या आसपास सगळ्यात जास्त. झालं, सगळे डार्क मॅटर डार्क मॅटर करत सुटले, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचे कुठलेतरी नवे कण एकमेकांवर आपटून संपतात आणि हा उजेड पडतो म्हणे. अहो पण तिथे म्हाताऱ्या ताऱ्यांची गर्दी आहे, आणि असल्या गर्दीत मिलिसेकंद पल्सार असतातच, म्हणजे जोडीदाराचा वायू ओढून ओढून पुन्हा गरागरा फिरायला लागलेले न्यूट्रॉन तारे. त्यांचा गॅमा स्पेक्ट्रम जवळपास तिथेच चढतो आणि तसाच उतरतो. ४७ टुकाने हा तारकागुच्छ गॅमात दिसतो तो यांच्याच जिवावर. मग नवीन कण कशाला?

शंकेखोर:
पण आहेत कुठे ते?? एवढा उजेड पाडायला हजारोंनी लागतील, त्यातले चार-दोन तरी ठळक, सुटे दिसायला हवेत ना. फर्मी २००८ पासून वर आहे. शिवाय मिलिसेकंद पल्सार व्हायच्या आधी ते एक्स-रे जोडतारे असतात, म्हणजे जोडीदाराचा वायू ओढताना एक्स-रे फेकणारे, आणि मध्यभागात ते मोजले तर तारकागुच्छांच्या मानाने कमीच भरतात. पोरंच नाहीत तर म्हातारे कुठून आले?

जुन्नरकर:
ताई, दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं कसं. मध्य आपल्यापासून २६ हजार प्रकाशवर्षं, वाटेतल्या विरळ वायूत रेडिओ पल्स एवढी फिसकटते की एक संपायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन पडते. मी विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जातो, ४५ मीटरची डिश पण नुसती तारांची जाळी, आरपार आभाळ दिसतं, अशा ३० आहेत. त्याच जीएमआरटीने फर्मीच्या एका बेनाम ठिपक्याकडे डिशा वळवल्या आणि २०१३ मध्ये जाहीर झालेला जे१५४४+४९३७ हा पल्सार सापडला. २.१६ मिलिसेकंदात एक गिरकी! म्हणजे सेकंदाला ४६० च्या वर, आणि त्याच्याभोवती २.९ तासात फेरी मारणाऱ्या जोडीदाराला भाजून काढतोय तो वेगळाच. पण तो त्या मानाने आपल्या शेजारचा.

मधलीसुट्टी:
बाळबोध प्रश्न, गॅमा त्याच पल्सारचे हे कळतं कसं? फोटॉन तर म्हणे मोजकेच येतात.

जुन्नरकर:
वेलासारख्या ठळक पल्सारचासुद्धा हजारेक गिरक्यांमागे एखादा येतो. समज नळाला महिन्यातून चार-पाच थेंबच येतात, पण तू प्रत्येकाची वेळ वहीत लिहिलीस आणि महापालिकेचं टायमिंग तुला ठाऊक आहे, तर वर्षाने सगळे थेंब एकाच वेळेवर गोळा झालेले दिसतील. टायमिंग रेडिओवाले देतात, वही फर्मीची.

शंकेखोर:
नळ पटला. पण तेच तर म्हणतेय, मध्यभागासाठी टायमिंगच नाहीये तुमच्याकडे! २०१५ मध्ये दोन गटांनी उजेड दाणेदार आहे, म्हणजे सलग पसरलेला नसून सुट्या ठिपक्यांचा आहे, म्हणून पल्सारांच्या नावावर केला, आणि २०१९ ला लीन आणि स्लॅटियरनी डेटात मुद्दाम नकली डार्क मॅटर मिसळलं तर त्यातल्या एका पद्धतीने तेही दाण्यांच्या खात्यात टाकलं. असा तराजू घेऊन बाजारात बसायचं?

रात्रपाळी:
तराजूचं मान्य, तो मुद्दा मी सोडतो. पण मग आकाशगंगेभोवतीच्या चिमुकल्या बटू दीर्घिकांचं काय? तिथे तारे थोडे आणि डार्क मॅटर भरपूर, तरी फर्मीला तिथून ठोस काही मिळालं नाही.

शंकेखोर:
ठोस नाही मिळालं म्हणजे डार्क मॅटर किती उजेड पाडू शकतं याच्या मर्यादा आवळल्या, नाकारलं नाही कुणी. आणि तुम्ही मगाशी माझ्या "दिसत नाहीत" ला हसलात, आता स्वतः तेच म्हणताय 😄

रात्रपाळी:
हसलो मी नाही, जुन्नरकर. बरं, मध्यभागातला एक मिलिसेकंद पल्सार पक्का सापडला तर?

शंकेखोर:
एकाने काय होतंय, वीस-पंचवीस आणा, मग बसू.