दुसरीच्या मुलांचा एकक-दशकाचा घोळ, काय करू?

दुसरीची_बाई: तक्त्यात एकक दशक सगळे बरोब्बर भरतात, पण ४७ मधल्या ४ ची किंमत विचारली की सरळ चार सांगतात, आणि एकोणतीस म्हटलं की निम्मा वर्ग ३९ लिहितो. काय करू?

खडूफळा: ताई, तक्ता काही दिवस बंदच ठेवा. आइस्क्रीमच्या काड्या आणा, दहा झाल्या की रबरबँड मुलांनीच लावायचा, तयार गठ्ठे अजिबात देऊ नका, बांधता-सोडतानाच ते डोक्यात जातं. मग ४७ काड्या मांडून ४ वर बोट ठेवा आणि "एवढ्या काड्या उचल" म्हणा, पोराने चार सुट्याच उचलल्या तर कुठे अडलंय ते लगेच कळतं.

पिंटूची_आई: आम्ही घरी नोटा-नाणी घेतो, चालेल ना?

खडूफळा: चालेल, पण नंतर. १० च्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत हो, गठ्ठ्यात दिसतात.

गणितवेडा: एकोणतीसला काड्या पुरणार नाहीत. पंचवीसमध्ये आपण एकक आधी बोलतो आणि एकोणवाले तर पुढच्याच दशकाचं नाव घेतात, मग पोरं ३ लिहिणारच की! २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा केवढी खिल्ली उडवली लोकांनी, मला तरी पटलं होतं. दोन्ही नावं म्हणून घ्या, एकोणतीस म्हणजे वीस नऊ, मगच लिहू द्या.

दुसरीची_बाई: उद्याच करते. आणि तिसरीतले ३०५ ला ३००५ लिहितात त्यांचं?

गणितवेडा: पुठ्ठ्याची कार्डं कापा, ३०० च्या कार्डावर उजव्या कडेला ५ चं ठेवायचं, शेवटचं शून्य झाकलं जातं.