नाटकाच्या फोटोंसाठी पहिला कॅमेरा, बजेट तुटपुंजं: काय घ्यावं?

विंगेतून

मंडळी, आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायचाय आणि या विषयावर इतकं वाचून झालंय की आता काहीच कळेनासं झालंय.

आमचा हौशी नाटकाचा गट आहे. मी अभिनय करत नाही. नेपथ्य उचलणं, प्रॉम्प्टिंग, पडेल ते काम. फोटो काढणंही माझ्याच गळ्यात पडलं, कारण बाकी सगळे रंगमंचावर असतात. सध्या फोनवर काढतो. तालमीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली ठीकठाक येतात, पण प्रयोगात पार वाट लागते. चेहरे पांढरेफटक, मागे सगळा काळोख, आणि कुणी हात हलवला की त्या जागी नुसता फराटा. एका प्रवेशात नायिका पत्र फाडते. त्या क्षणाच्या एकाही फोटोत ते पत्र आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मधल्या दर्जाच्या नव्या फोनला जेवढे पैसे पडतात तेवढेच माझ्याकडे आहेत. कार्ड, बॅग सगळं त्यातच बसवायचंय.

डोळ्यासमोर एक नवा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) आहे, ६० पट झूमवाला. शेवटच्या रांगेत बसूनसुद्धा चेहरा भरून येईल, हा मोह. दुसरा पर्याय म्हणजे वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा). कॅनन ७००डी आणि निकॉन डी३३००, दोन्ही सोबत येणाऱ्या १८-५५ मिमी झूम लेन्ससकट बघितलेत. आणि एक कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा '६४ मेगापिक्सेल' कॅमेरा ऑनलाइन दिसतोय, नवाकोरा, माझ्या बजेटच्या पाव भागात. हसू नका.

व्हिडिओ नको. कधीमधी पोस्टर छापतो. त्याला मेगापिक्सेल जास्त लागतात ना?

---

बोकेबहाद्दर

हसलो नाही राव, पण तो ६४वाला आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढ. त्यात असतो स्वस्त फोनमधला नखाएवढा सेन्सर (उजेड टिपणारा भाग). फोटो मुळात छोटाच निघतो, मग आतलं सॉफ्टवेअर ताणून त्याला ६४ म्हणतं. तुझा फोन त्याच्यापेक्षा नक्की बरा असेल.

आणि आजच्या काळात डीएसएलआर कशाला? मिररलेस (आरसा नसलेला) घे. सोनी ए६००० वापरलेला मिळतो, २०१४चा आहे पण २४ मेगापिक्सेल, फोकस झकास, आणि नाटकात खटॅक खटॅक आवाज नाही.

---

तिसरी घंटा

मी बरीच वर्षं नाटकांचे फोटो काढतो आहे, बहुतेक फुकटात, त्यामुळे कमी पैशात काय जमतं आणि काय नाही याचा अंदाज आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण झूमची नाही, मेगापिक्सेलची तर अजिबात नाही. उजेड कमी आणि माणसं हलतात, एवढीच अडचण आहे. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: तू उजेड किती गोळा करतोस?

ब्रिज कॅमेऱ्याचं उत्तर वाईट आहे. ६० पट झूम त्या आकारात बसतो तोच मुळी सेन्सर चिमुकला असतो म्हणून. बहुतेकांत तो साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो. ७००डीचा २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास बारापट. त्यात झूम टोकाला नेलात की त्या लेन्सचं तोंड एफ/६च्याही पुढे आकसतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं तोंड लहान). भर उन्हात झाडावरचा पक्षी टिपायला हा कॅमेरा छान. काळ्या पडद्यापुढे एका स्पॉटमध्ये उभ्या असलेल्या माणसासाठी नाही.

पण डीएसएलआर घेतला आणि १८-५५वरच थांबलात, तर निम्मे पैसे वाया. ती लेन्स ५५ला एफ/५.६वर येते. तिच्याऐवजी ५० मिमी एफ/१.८ लावलीत तर साधारण दहापट उजेड आत येतो. हिशोब असा: १६०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) एफ/१.८ने तुम्हाला १/२०० सेकंदाचं शटर मिळत असेल, तर किट लेन्सने (म्हणजे सोबतच्या १८-५५ने) त्याच उजेडात १/२० मिळेल. तुमची नायिका १/२०ला पत्र फाडणार, आणि पुन्हा तो फराटाच दिसणार. १/२००ला कागदाची फाटलेली कड दिसते.

तेव्हा बॉडी जितकी जुनी चालेल तितकी जुनी घ्या आणि वाचलेले पैसे एका ठरावीक फोकल लेंग्थच्या, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सवर टाका. किट लेन्सशिवाय नुसती बॉडी मिळाली तर आणखी उत्तम.

५० मिमी का ३५ मिमी, हे दुकानात ठरवू नका, फोनवर ठरवा. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या आसपासचं दृश्य दाखवतो. तुम्ही प्रयोगात जिथे बसता तिथे बसा आणि ३ पट झूम करा. या बॉडीवर ५० मिमी लावल्यावर साधारण तेवढंच दिसेल. २ पट म्हणजे ३५ मिमीच्या जवळपास. दोन पात्रं कमरेपासून वर ज्यात नीट बसतात ती तुमची लेन्स.

कॅननमध्ये ५० एफ/१.८ची जुनी आवृत्ती १९९०ची, नवी एसटीएम २०१५ची. जुनी स्वस्त मिळते, पण फोकस करताना चांगली कुरकुरते. शांत प्रसंगात ती कुरकुर पुढच्या रांगेला ऐकू जाते, म्हणून एसटीएमच बघा. निकॉनमध्ये वेगळा सापळा आहे. डी३३००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्तात दिसलेली ५० एफ/१.८ 'डी' लेन्स त्यावर बसेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. 'जी' म्हणजे एएफ-एस (मोटर लेन्समध्येच असलेली) घ्यावी लागते. जुन्या लेन्सच्या बाजारात कॅननचं गणित सोपं, म्हणून माझं मत ७००डीला.

पोस्टरचं: ७००डीचे १८ मेगापिक्सेल म्हणजे ५१८४ × ३४५६ बिंदू. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) छापलं तरी जवळजवळ ए३ कागद भरतो. त्याहून मोठं पोस्टर लोक लांबूनच बघतात.

@बोकेबहाद्दर, ए६०००मध्ये आरसा नाही, पण शटर यांत्रिकच आहे. आवाज कमी असतो, गायब होत नाही. पूर्ण निःशब्द शटर आलं ते ए६३००मध्ये, २०१६ला, आणि तो या बजेटमध्ये लेन्ससकट बसणं कठीण. शिवाय रंगमंचावर एलईडी दिवे असतील तर निःशब्द शटरमध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात. आवाजाचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे. डीएसएलआरचा खटका स्तब्धतेत जातो तेव्हा दिग्दर्शक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो, त्यावर कुठलाही मोड उपाय नाही.

---

काटकसर

सगळे 'मोठा घ्या' म्हणतायत म्हणून उलट बाजू मांडते. सोनी आरएक्स१०० मार्क ३, २०१४चा, खिशात मावतो. सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, लेन्स २४-७० समतुल्य, एफ/१.८ ते एफ/२.८. लेन्समधलंच शटर असल्यामुळे आवाज जवळपास नसतो. शेजारच्या प्रेक्षकालाही कळत नाही. माझ्याकडे आहे, मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमांना हाच नेते. नंतर वेगळी लेन्स घ्यायची भानगडच नाही, म्हणजे खर्च एकदाच.

---

तिसरी घंटा

काटकसरताई, तो कॅमेरा मलाही आवडतो, आणि तुमचा मुद्दा किट लेन्सच्या विरुद्ध अगदी बरोबर आहे. त्याचा एफ/२.८ आणि लहान सेन्सर मिळून जेवढा उजेड जमतो, तेवढाच साधारण मोठा सेन्सर आणि एफ/५.६ मिळून जमतो. म्हणजे नुसता १८-५५ लावून फिरणाऱ्याला तुमचा खिशातला कॅमेरा बरोबरीत गाठतो, आणि वर आवाज नाही. मात्र ५० एफ/१.८ लावली की फरक बराच वाढतो. विंगेतून यांचं नाटक उजेडात बुडालेलं असतं तर मीही आरएक्स१०० म्हणालो असतो.

---

विंगेतून

फार आभार. फोनवर ३ पट करून बघितलं, मधल्या रांगेतून दोघं नीट बसतात. म्हणजे ५०. एक ७००डी बघायला जायचंय, मालकाने दोन मुलांच्या वाढदिवसांपुरता वापरला म्हणतो. काय काय तपासू? आणि आवाजाचं खरंच काय करू? आमचा दिग्दर्शक शिंकेवरही थांबतो.

---

तिसरी घंटा

बघायला जाताना स्वतःचं कार्ड आणि एक बारीक टॉर्च न्या.

लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चारदोन कण असले तर सोडून द्या. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ते फंगस. किंमत कितीही पाडली तरी ती लेन्स घेऊ नका. मग १८-५५ लावून एफ/२२ करा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके ही सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. ओरखड्यासारखी रेघ दिसली तर उठून या. टोपण लावून अंधारात दहाएक सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, रंगीत चमकते ठिपके किती आहेत ते कळेल. एखाददुसरा असतोच.

शटर किती वेळा पडलंय हा आकडा निकॉनच्या फोटोफाइलमध्येच मिळतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत फोटोत तो लिहिलेला नसतो. त्यामुळे मालकाच्या बोलण्यापेक्षा कॅमेऱ्याकडे बघा. पकडीचं रबर गुळगुळीत किंवा सैल, बटणांवरची अक्षरं पुसट, फ्लॅशच्या खाचेला घासल्याच्या खुणा, असं असेल तर तो वाढदिवसांपुरता वापरलेला नाही. ७००डीचा स्क्रीन बाहेर निघून फिरतो, तो सगळ्या बाजूंना फिरवून बघा. बिजागरीपाशी चित्र लुकलुकलं तर केबल गेली समजा. कार्डाच्या खाचेत आतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, तेही.

लेन्स नंतर घ्याल तेव्हा एसटीएम आपल्या बॉडीवर लावून जवळच्या-लांबच्या वस्तूंवर फोकस करून बघा. अडखळली तर नको.

आता आवाज. ७००डीचा खटका पूर्ण बंद करता येत नाही.  खरा उपाय म्हणजे फोटो प्रयोगात काढूच नका, रंगीत तालमीत काढा. दिवे तेच, कपडे तेच, प्रेक्षक नाहीत. दिग्दर्शकाला आधी सांगून ठेवलं की पहिल्या रांगेपर्यंत जाता येतं, बाजूला सरकता येतं, पत्र फाडायच्या वेळी कुठे उभं राहायचं ते ठरवता येतं. वर्तमानपत्राला द्यायचे फोटो मी नेहमी असेच काढतो. प्रयोगात काढायचेच असतील तर टाळ्यांवर, संगीतावर, मोठ्या संवादावर शटर मारायचं. तुम्ही प्रॉम्प्टिंग करता, तेव्हा कुठे आवाज चढणार हे तुम्हाला इतर कुणाहीपेक्षा आधी माहीत असतं. हा फायदा कुठल्याही भारी कॅमेरावाल्याकडे नाही.

पहिल्या दिवशीच मेनूत जाऊन बीप बंद, फ्लॅश बंद, आणि फोटो काढल्यावर स्क्रीनवर तो आपोआप दिसतो तेही बंद. अंधारात तो स्क्रीन मागच्या सगळ्यांच्या डोळ्यांत जातो.

चेहरे पांढरेफटक का होतात, तेही सांगून टाकतो, कारण नवा कॅमेरा घेतला तरी तेच होईल. भोवती सगळा काळोख असला की कॅमेऱ्याला वाटतं दृश्य फारच अंधारलंय, म्हणून तो सगळंच उजळवतो आणि बिचारा चेहरा जळतो. त्याचं ऐकायचं नाही. मॅन्युअल मोड, एफ/२.२, १/२००, आयएसओ १६०० इथून सुरू करा आणि चेहऱ्यावर तपशील दिसेपर्यंत कमी-जास्त करा. एफ/१.८ मुद्दाम म्हणत नाही. पाच मीटरवरून त्यात साधारण दोन-सव्वादोन फुटांचाच पट्टा स्पष्ट येतो, आणि दोन पात्रं पुढेमागे उभी असली की एक जण पुसट होतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे दिव्यांचे रंग नंतर सावरता येतात.

---

बोकेबहाद्दर

मिररलेसवरून माघार नाही, पण रंगीत तालमीचं पटलं. विंगेतून, कार्ड घेताना बनावटपासून जप. घेतल्या घेतल्या पूर्ण भरेल इतका डेटा टाकून परत वाचून बघ. नकली कार्ड वर ६४ जीबी दाखवतं, खरी जागा संपली की पुढचे फोटो गुपचूप गिळतं.

---

विंगेतून

कार्डाचं लक्षात ठेवतो. टॉर्च पिशवीत टाकलाय. दिग्दर्शकाला रंगीत तालमीचं विचारलं, तो म्हणाला काढ, पण पत्र फाडायच्या वेळी डाव्या बाजूला येऊ नकोस, तिथे मी उभा असतो.

---

तिसरी घंटा

मग उजवीकडून काढा. पत्र ती उजव्या हाताने फाडत असेल तर तिकडूनच बरं दिसेल.