मोझांबिकची तूर आणि बदलती आफ्रिका

प्रश्न (लातूर): आमच्या बाजारात मोझांबिकची तूर आली की भावाची चर्चा होते, पण ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या देशात काय बदलत आहे, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर (परभणी): मोझांबिक १९७५ साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि १९७७ ते १९९२ या काळात यादवी युद्धात होरपळला. २०१६ साली भारताने त्याच्याशी तूर आयातीचा करार केला. तेथील तूर मुख्यतः लहान शेतकरी निर्यातीसाठी पिकवतात, त्यामुळे आपल्या सरकारने आयातीचे धोरण बदलले की त्यांच्या घरातला हिशेबही कोलमडतो. मला तेथील शेतकरी प्रतिस्पर्धी वाटत नाही. तोही पावसाच्या भरवशावर जगणारा आपल्यासारखाच कोरडवाहू शेतकरी आहे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): एका देशावरून संपूर्ण खंडाचा अंदाज बांधू नये. केनियात २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवणे रुळले, तर माली, बुर्किना फासो आणि नायजर येथे २०२० ते २०२३ दरम्यान लष्कराने सत्ता हाती घेतली.

प्रश्नकर्ता: आभार. खंडांतर्गत मुक्त व्यापार २०२१ पासून सुरू झाला आहे. त्याचा तूर उत्पादकांना काही लाभ होतो का?