बेडाक्विलिनचा दाखला

जागतिक आरोग्य संघटनेचे करार म्हणजे दात नसलेला वाघ, असं कुणीतरी म्हटलंय. संघटनेपुरतं मान्य. पण औषधांच्या किमतीचा मामला देशोदेशीच्या पेटंट कायद्यात ठरतो, आणि तो कायदा चांगलाच चावतो.

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट भारतात जुलै 2023 मध्ये संपणार होतं. त्याच औषधाच्या क्षार-रूपावर (तोच रेणू, फक्त आम्लाशी जोडलेला) नवं पेटंट घेऊन ही मक्तेदारी 2027 पर्यंत लांबवायचा जॉन्सन अँड जॉन्सनचा प्रयत्न होता. क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची, हरकत घेतली. जुन्या क्षय-उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. आधार होता, इतर मुद्द्यांसोबत, भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(ड): गुण वाढल्याशिवाय, जुन्याच रेणूला नुसता नवा मुलामा देऊन पेटंट मिळत नाही. (2013 मध्ये नोव्हार्टिसचं कर्करोगावरचं औषध ग्लिव्हेकही याच कलमावर अडलं होतं.) भारतीय जेनेरिक कंपन्यांची वाट मोकळी झाली. त्या बाहेरच्या देशांनाही पुरवतात, म्हणजे मुंबईतला आदेश आफ्रिकेतही पोचतो.

मला काळजी वेगळीच आहे. 2024 च्या पेटंट नियमदुरुस्तीने अशा हरकतींना शुल्क लावलंय, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे का हे आधी पेटंट नियंत्रक ठरवणार.