पार्किंगमधल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात; कायमचा बंदोबस्त कसा करावा?

सिंहगडरोडकर:
नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत गाड्या तळमजल्यावर, खांबांमधल्या उघड्या जागेत लावल्या जातात. पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदरांचा वावर वाढला आहे. आधी बॉनेटच्या आतल्या अस्तराचा भुगा बॅटरीवर पडलेला दिसला, मग काचेवर पाणी मारणारी नळी कुरतडली गेली, आणि आता इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून गाडी दाखवली, तेव्हा ऑक्सिजन सेन्सरची वायर तुटल्याचे निष्पन्न झाले. गाडी आठवड्यातून एकदोनदाच बाहेर निघते. कोणी तंबाखूची पाने ठेवायला सांगतो, कोणी डांबरगोळ्या, तर कोणी अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे, यंत्र. यांपैकी खरोखर उपयोगी काय आहे? सोसायटीत मांजरे असल्यामुळे विष घालायची माझी इच्छा नाही. असा खर्च विम्यातून मिळतो का, हेही जाणकारांनी सांगावे. शिवाय चिपळूणजवळ गावी वडिलांची गाडी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये असते. तिथे उंदरांच्या मागावर सापही येतो.

तांब्याची_तार:
मी नाशिकला गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे आधी दुरुस्तीबद्दल लिहितो. तुटलेल्या वायरीवर नुसती टेप गुंडाळून घेऊ नका. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, सांध्यात ओल शिरते आणि तोच दिवा पुन्हा लागतो. सांधा सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवायला सांगा आणि आजूबाजूच्या उघड्या वायरी नालीदार कंड्युइटमध्ये (वायरींवरच्या संरक्षक नळीत) घालून घ्या. त्याच वेळी इंधनाच्या रबरी नळ्या टॉर्चच्या उजेडात बोट फिरवून तपासा. वायर तुटली तर गाडी बंद पडू शकते. इंधनाच्या नळीला दात लागलेले असले तर आगीचा धोका असतो. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करूनच न्या.

आता उपायांकडे वळतो. तंबाखूची पाने आणि डांबरगोळ्या यांचा वास गरम इंजिनात फार टिकत नाही, आणि वाळलेली पाने सायलेन्सरच्या तापलेल्या भागाजवळ ठेवणे मुळीच शहाणपणाचे नाही. बहुतेक गाड्यांत एसीसाठी बाहेरची हवा पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत घेतली जाते, म्हणून डांबरगोळ्यांची वाफ थेट प्रवाशांच्या नाकाशी येते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांना तर डांबरगोळ्यांतील नॅफ्थलिनमुळे रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. वायरींना डिझेल फासण्याचा सल्ला देणारेही महाभाग भेटतात, त्यांना दुरूनच नमस्कार करावा. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज समोरच्या वस्तूला अडतो, पलीकडे पोचत नाही, आणि उंदीर त्याला लवकर सरावतात. अशा यंत्रांच्या जाहिरातींतील दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी ताकीद अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना दिली होती.

मिरचीतील तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, लावलेली टेप मात्र विचारात घेण्यासारखी आहे. होंडा अमेरिकेत अशी टेप विकते. ती जिथे गुंडाळली तेवढ्याच वायरीचे रक्षण करते, ही तिची मर्यादा. त्यापेक्षा काचेखालच्या त्या हवेच्या वाटेवर आतल्या बाजूने बारीक धातूची जाळी बसवून घ्या, आणि गाडी उभी करताना एसीची कळ आतलीच हवा फिरवण्याच्या खुणेवर ठेवा, म्हणजे झडप बंद राहते आणि ब्लोअरमध्ये घरटे होत नाही. जाळी पट्टे, पंखा किंवा वायरी यांना घासणार नाही, एवढे पाहावे.

बांधावरून:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु माझ्या मते गाडी हे या प्रश्नाचे शेवटचे टोक आहे. उंदरांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे ते काही ना काही कुरतडणारच. ते तुमच्याच गाडीपाशी का येतात, याचे उत्तर पार्किंगच्या जमिनीवर शोधावे लागेल.

आधी पाहुणा कोण आहे ते ओळखा. रात्री टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेने चालत जा. उंदीर भिंतीला अंग घासत ठरलेल्या वाटेनेच जातात आणि त्या वहिवाटेवर तेलकट काळा पट्टा उमटतो. कुंपणाच्या भिंतीलगत किंवा गटाराच्या झाकणाशी उकरलेल्या मातीचा ढीग असेल तर ती घूस. पाइप, केबल आणि टायरवरून वर चढणारा बहुधा काळा उंदीर असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या घरातल्या लहान उंदराच्या, त्याहून बऱ्याच मोठ्या असतील तर थोरल्या जातींच्या. चिचुंद्री दिसली तर तिला सोडून द्या. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडत नाही आणि झुरळे खाते.

त्यानंतर त्यांचे जेवण बंद करा. पुण्यातील सोसायट्यांत मी वारंवार पाहतो ते असे, की वरच्या मजल्यांवरून कबुतरांसाठी टाकलेले ज्वारीचे दाणे खाली पार्किंगच्या कडेला सांडतात, भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेला दूधभात रात्रभर तसाच राहतो, आणि ओल्या कचऱ्याचे डबे झाकणाविना उभे असतात. हे चालू असताना गाडीत कितीही टेप गुंडाळली तरी उपयोग नाही. गटाराची फुटलेली झाकणे बदला आणि पाइपांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवा. लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फटसुद्धा पुरते, म्हणून जाळी त्याहून बारीक घ्यावी.

पिंजऱ्याबाबत लोक लवकर निराश होतात. मोठे उंदीर नव्या वस्तूपासून काही दिवस दूर राहतात, म्हणून पिंजरा भिंतीला लागून ठेवा, दार उघडे बांधून ठेवा आणि आत भजी किंवा शेंगदाणे घालत राहा. खाणे निर्धास्तपणे संपू लागले की मगच खटका लावा. चिकट पाट्या वापरू नयेत. त्यांत जनावर तासन्तास तडफडते आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाने त्यांच्याविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत. विष न घालण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे, कारण ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर तो मांजराच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या पोटात जाऊ शकतो. नाहीतर तो एसीच्या नळीत मरतो आणि दुर्गंधीमुळे सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

पॉलिसीवाला:
केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर काहीही मिळणार नाही. सर्वसमावेशक विम्यात अनेक कंपन्या उंदरांनी केलेले नुकसान मान्य करतात, तरी आपल्या पॉलिसीच्या अटी वाचाव्यात आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वीच कंपनीला कळवून फोटो काढून ठेवावेत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातून सक्तीने १००० रुपये आणि त्यावरील गाडीला २००० रुपये वजा होतात. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, आणि तो पाच निर्दावा वर्षांनंतर ५० टक्के असतो. एका सेन्सरच्या वायरीसाठी दावा करणे सहसा परवडत नाही. संपूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचा असेल तर जरूर करावा.

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणच्या गॅरेजबद्दल लिहितो. आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये भाताची पोती, सुके गवत आणि नारळाची सोडणे एकत्र रचलेली असतात, आणि गाडी मधोमध. हे सामान आधी हलवावे. आंब्याची किंवा माडाची झापे छपराला टेकत असतील तर ती छाटावीत, कारण काळा उंदीर त्यांवरूनच उतरतो. दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारावी. रबराची पट्टी चार दिवसांत खाल्ली जाते.

उंदरांच्या मागे येणारा साप बहुतेक वेळा धामण असतो आणि तो बिनविषारी असतो, पण नाग आणि घोणसही त्याच कारणाने येतात, म्हणून अंदाजावर विसंबू नये. साप इंजिनात शिरला तर गाडी सुरू करू नका, रॉकेल किंवा फिनाइल ओतू नका. लांब उभे राहून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पावसात मांजरीची पिल्लेही उबेसाठी इंजिनाशी बसतात, त्यामुळे वडिलांना गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारायला सांगा.

सिंहगडरोडकर:
सर्वांचे आभार. कबुतरांच्या दाण्यांचा मुद्दा अगदी नेमका निघाला. वहिवाटेचा काळा पट्टा त्याच कोपऱ्यातून माझ्या जागेपर्यंत येतो. सोसायटीच्या बैठकीत तो विषय मांडत आहे आणि तोवर गाडी भिंतीपासून दूर लावणार आहे. बॉनेटखाली लेंड्या आणि घरट्याचा कचरा अजून आहे, तो कसा काढावा?

बांधावरून:
झाडूने किंवा ब्लोअरने उडवू नका. रबरी हातमोजे आणि मास्क घाला, बॅटरीची ऋण तार सोडवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण फडक्यावर घेऊन कचरा ओला करा, थोडा वेळ थांबून पुसून घ्या आणि नंतर साध्या ओल्या फडक्याने ब्लीच काढून टाका, नाहीतर धातू गंजेल. मुताचा वास राहिला तर इतर उंदीर त्यावर पुन्हा येतात, म्हणून कोपरेही सोडू नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू कातडीवरच्या लहानशा जखमेतूनही शिरतात. नंतरच्या दोनतीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले, तर ही साफसफाई केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.